फॅक्टर आठ आणि सत्तर दिवसांचे प्रेडनिसोलोन : अर्जित हिमोफिलियाचे एक प्रकरण

हिमोफिलिया म्हटले की जन्मजात, मुलग्यांना होणारा, आईकडून आलेला आजार डोळ्यांसमोर येतो. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर कधीही विशेष रक्तस्राव न झालेल्या माणसाला तो होऊ शकतो हे वैद्यकीय शिक्षणात एखाद्या ओळीत सांगितलेले असते आणि ती ओळ बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ब्रिटनमधील नोंदींनुसार दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १.५ इतक्याच व्यक्तींना असा अर्जित हिमोफिलिया होतो (यात शरीर रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठ या घटकाविरुद्ध स्वतःच प्रतिपिंड तयार करते), त्यामुळे विस्मरणाला कारणही आहे. पुढील प्रकरण अध्यापनासाठी मांडलेले असून त्यातील रुग्ण व मोजमापे कोणा एकाच व्यक्तीची नाहीत. निदान हुकता हुकता कसे सापडले हे त्यात येतेच, परंतु माझा अधिक भर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडवर, म्हणजे प्रेडनिसोलोनवर, आहे. ते सुरू करायला एक चिठ्ठी पुरते. किती दिवस थांबायचे, कधी उतरवायचे आणि मधल्या काळात रुग्णाला त्याच औषधापासून कसे सांभाळायचे, यात मात्र सगळे कसब लागते.

रुग्ण ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक, वजन ६० किलो. बारा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे कोणतेही औषध चालू नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी नेहमीच्या तपासणीसाठी डाव्या हातातून रक्त काढले आणि दुसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला. त्यांनी ते वयावर ढकलले. पुढे पाठीवर आणि पोटावर, कुठेही आपटल्याचे आठवत नसताना, तळहाताएवढे डाग उमटले. मग उजवी मांडी दुखू लागली, सुजली आणि तीन दिवसांत त्यांना जिना चढणे अशक्य झाले.

मांडीची सूज आणि वय पाहून पहिल्या दवाखान्यात खोल शिरेतील गुठळीचा संशय घेतला गेला. संशय अवास्तव नव्हता. शिरांच्या डॉपलर सोनोग्राफीची वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली आणि तोपर्यंत हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन, सुरू करावे असे ठरले. ते इंजेक्शन टळले ते एका परिचारिकेमुळे. सलाइनसाठी घातलेल्या सुईच्या कडेने रक्त झिरपत होते, तिने दोनदा कापूस बदलला, अर्ध्या तासाने तिसराही भिजलेला दिसला, तेव्हा तिने डॉक्टरांना विचारले, “सर, हे थांबतच नाहीये, तरी हेपरिन द्यायचे का?” कागद पुन्हा उघडले गेले. तीन आठवड्यांपूर्वीच्या अहवालात एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी) ६८ सेकंद होता, त्याच्यापुढे प्रयोगशाळेने ‘नमुना पुन्हा पाठवावा’ असा शेरा मारला होता आणि तो नमुना कोणी पाठवलाच नव्हता.

लांबलेला एपीटीटी आणि नॉर्मल पीटी (गोठण्याचा दुसरा मार्ग तपासणारी चाचणी) ही जोडी दिसली की नमुन्यात दोष असेल, नळीत हेपरिन मिसळले असेल, असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण रक्तस्राव होत असलेल्या वृद्ध माणसात ती जोडी सापडली तर दुसरे काहीही ठरवण्यापूर्वी तिचा उलगडा व्हायला हवा.

आमच्याकडे आले तेव्हा हिमोग्लोबिन ७.४ ग्रॅम, प्लेटलेट २ लाख ४० हजार, पीटी १२.८ सेकंद आणि एपीटीटी ८४ सेकंद होता. नियंत्रण नमुन्याचा एपीटीटी ३०. डॉपलरमध्ये शिरा मोकळ्या होत्या आणि मांडीच्या स्नायूत मोठा रक्तसंचय दिसत होता. जन्मजात दोष जवळजवळ बाद करणारी माहिती पूर्वेतिहासात मिळाली : तरुणपणी हर्नियाची शस्त्रक्रिया, दोन दाढा काढलेल्या, चार वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, आणि एकदाही रक्त थांबायला वेळ लागलेला नव्हता. सांध्यांत रक्त नव्हते. जन्मजात हिमोफिलियात गुडघे-घोटे धरतात. अर्जित प्रकारात रक्त त्वचेखाली आणि स्नायूंत पसरते. असे का होते याचे पटेल असे स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही, पण रुग्णाच्या खाटेशी उभे राहिल्यावर हा फरक फार उपयोगी पडतो.

नंतर मिक्सिंग टेस्ट केली. तत्त्व सोपे आहे. रुग्णाच्या प्लाझ्मात एखादा घटक नुसता कमी असेल तर निरोगी प्लाझ्मा समप्रमाणात मिसळताच ती उणीव भरून निघते आणि एपीटीटी नॉर्मलच्या जवळ येतो. घटकाला निकामी करणारा प्रतिपिंड असेल तर तो निरोगी प्लाझ्मातला घटकही खातो. फॅक्टर आठविरुद्धचा प्रतिपिंड मात्र हे काम सावकाश आणि शरीराच्या तापमानाला करतो. मिश्रणाचा तत्काळ एपीटीटी ४१ सेकंद आला आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर ‘बराचसा सुधारला, घटक कमी असावा’ असे आम्हीही लिहून मोकळे झालो असतो. तेच मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावर एपीटीटी ७१ सेकंद झाला. दोन्ही प्लाझ्मा दोन तास वेगवेगळे ठेवून ऐन वेळी मिसळलेल्या नळीत तो ४३ सेकंदच होता, म्हणजे वाढ नुसत्या वेळ जाण्याने नव्हे, तर एकत्र राहण्याने झाली होती. फॅक्टर आठची पातळी नॉर्मलच्या ३ टक्के, इनहिबिटर (म्हणजे फॅक्टर आठला निकामी करणारा प्रतिपिंड) १६ बेथेस्डा युनिट, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नॉर्मल, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची चाचणी नकारार्थी.

बेथेस्डा युनिटविषयी थोडे सांगायला हवे. १९७५ साली ठरलेल्या या पद्धतीत, निरोगी प्लाझ्मातील निम्मा फॅक्टर आठ दोन तासांत निकामी करणारे प्रतिपिंडाचे प्रमाण म्हणजे १ युनिट. जन्मजात हिमोफिलियात उपचारांमुळे तयार होणारे प्रतिपिंड फॅक्टर आठला सरळ प्रमाणात आणि पूर्णपणे निकामी करतात. अर्जित प्रकारातले तसे वागत नाहीत. कितीही प्रतिपिंड असले तरी थोडासा फॅक्टर आठ चाचणीत उरलेला दिसतो. त्यामुळे ३ टक्के हा आकडा बघून ‘मध्यम तीव्रतेचा हिमोफिलिया’ असा अर्थ काढता येत नाही. या आजारात फॅक्टरची पातळी किंवा युनिटचा आकडा यांवरून कोणाला किती रक्तस्राव होईल हे सांगता येत नाही. ५ टक्के पातळीवर प्राणघातक रक्तस्राव झालेले रुग्ण आहेत आणि १ टक्क्याच्या खाली असूनही नुसत्या डागांवर निभावलेले रुग्णही आहेत.

पहिले चार दिवस रक्त थांबवण्यात गेले. फॅक्टर आठ देणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. प्रतिपिंड तो लगेच गिळून टाकतो. म्हणून फॅक्टर आठची पायरी ओलांडून पुढे जाणारे औषध, म्हणजे सक्रिय फॅक्टर सात, किलोमागे ९० मायक्रोग्रॅम या मात्रेने सुरुवातीला दर तीन तासांनी दिले आणि नंतर अंतर वाढवत नेले. या औषधाचा परिणाम मोजणारी विश्वासार्ह रक्तचाचणी नाही. एपीटीटी थोडा खाली येतो, पण त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून आम्ही मांडीवर गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटरवर पेनाने रेघ ओढली आणि दर सहा तासांनी त्याच रेघेवर टेप लावला. पहिल्या दिवशी ५२ सेंटिमीटर, डावी मांडी ४४. दुसऱ्या दिवशी ५२.५, तिसऱ्या दिवशी ५१. त्या अर्ध्या सेंटिमीटरने आमची रात्र खाल्ली. पायाची बोटे हलतात का, पावलावर स्पर्श कळतो का, हे प्रत्येक मोजणीबरोबर पाहिले जात होते, कारण स्नायूच्या कप्प्यातला दाब वाढून नस दबली असती तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता आणि या रक्तावर शस्त्रक्रिया म्हणजे आगीतून फुफाट्यात. दोन पिशव्या रक्त द्यावे लागले. स्नायूत इंजेक्शन नाही, धमनीतून नमुना नाही आणि शिरेतून रक्त काढल्यावर दहा मिनिटे घड्याळ लावून दाब, अशी सूचना खाटेच्या डोक्याशी लावली होती.

प्रतिपिंड मुळातून थांबवण्याचा उपचार निदानाच्या दिवशीच सुरू झाला. येथे पहिला खरा निर्णय होता : एकटे स्टेरॉइड, की त्याच्या जोडीला प्रतिकारशक्ती आणखी दाबणारे सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब? युरोपातील १३ देशांच्या नोंदवहीत, ज्यात ५०१ रुग्ण होते, एकट्या स्टेरॉइडने सुमारे ४८ टक्के रुग्णांत टिकाऊ सुधारणा झाली आणि सायक्लोफॉस्फमाइडची जोड दिलेल्यांत सुमारे ७० टक्के. हे आकडे समोर ठेवले की जोड देणेच शहाणपणाचे वाटते. पण १०२ रुग्णांच्या जर्मन-ऑस्ट्रियन अभ्यासात मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रक्तस्राव नव्हता. रक्तस्रावाने सुमारे ३ टक्के रुग्ण दगावले, तर प्रतिकारशक्ती दाबल्यामुळे झालेल्या संसर्गाने सुमारे १६ टक्के. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हापासून मी या आजाराकडे वेगळ्या नजरेने पाहतो. २०२० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी यातून रेघ आखली : फॅक्टर आठ १ टक्का किंवा अधिक आणि इनहिबिटर २० युनिटपर्यंत असेल तर सुरुवात एकट्या स्टेरॉइडने करावी; त्यापलीकडे असेल तर पहिल्यापासून जोड द्यावी. आमचे रुग्ण ३ टक्के आणि १६ युनिट, म्हणजे रेघेच्या अलीकडे होते. शिवाय मधुमेह आणि छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाचा व्रण. आम्ही एकट्या प्रेडनिसोलोनवर राहायचे ठरवले : किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम, सकाळी एकदम.

आजाराचे मूळ शोधण्यासाठी सीटी स्कॅन, प्रोस्टेटची तपासणी, स्वप्रतिकारशक्तीच्या चाचण्या, रक्तातील प्रथिनांचा आलेख असे सगळे झाले. काहीही सापडले नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत सापडत नाही. उरलेल्यांत कर्करोग, संधिवातासारखे स्वप्रतिकार आजार, औषधे आणि तरुण स्त्रियांत प्रसूतीनंतरचा काळ ही कारणे आढळतात.

प्रेडनिसोलोनबरोबर येणाऱ्या गोष्टींची तयारी पहिल्या दिवशीच केली होती. हेपॅटायटिस बी तपासला, आतड्यातील कृमींसाठी शौच तपासले, जठरासाठी आम्ल कमी करणारे औषध, हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, फुप्फुसांच्या विशिष्ट संसर्गाविरुद्ध को-ट्रायमॉक्साझोल. तरीही साखरेने आम्हाला आठवडाभर चकवले. रोज सकाळी उपाशीपोटीची साखर १२० च्या आसपास यायची आणि तक्त्यावर ‘समाधानकारक’ लिहिले जायचे. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच तक्रार केली की दुपारनंतर तोंडाला कोरड पडते आणि सारखे लघवीला जावे लागते. दुपारी चारला मोजली तर साखर ३४८. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन दुपारी आणि संध्याकाळी साखर चढवते आणि रात्रभरात ती पुन्हा उतरते. उपाशीपोटीची साखर पाहणे म्हणजे चोर निघून गेल्यावर पहारा देणे. सकाळच्या गोळीबरोबरच मध्यम कालावधीचे इन्सुलिन दिल्यावर आकडे २०० च्या खाली आले. त्यांना झोप मात्र लागेना. रात्री दोनला ते खाटेवर बसून शेजारच्या रुग्णांना व्याकरण शिकवत असत, असे परिचारिका सांगत.

सातव्या दिवशी फॅक्टर आठ ४ टक्के आणि इनहिबिटर १५. चौदाव्या दिवशी ५ टक्के आणि १३. मुलाने विचारले, “डॉक्टर, पंधरा दिवस झाले, औषध लागू पडत नाही का? दुसरे जालीम औषध आहे म्हणतात.” प्रश्न रास्त होता आणि खरे सांगायचे तर आमच्यातही त्यावर दोन मते होती. त्यांना जे समजावले ते असे : स्टेरॉइड रक्तात फिरणारे प्रतिपिंड नष्ट करत नाही, ते तयार करणाऱ्या पेशींना आणि त्यांना चेतवणाऱ्या टी-पेशींना आवर घालते. आधीच तयार झालेले प्रतिपिंड बहुतांशी आयजीजी प्रकारचे असतात आणि त्यांचे रक्तातले अर्धायुष्य साधारण तीन आठवडे असते. समजा कारखाना आज पूर्ण बंद झाला, तरी गोदामातला माल निम्मा व्हायला तीन आठवडे लागणारच. वर उल्लेखिलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन अभ्यासात फॅक्टर आठ ५० टक्क्यांवर जायला मध्यमानाने ३१ दिवस लागले होते. सुरुवातीची पातळी १ टक्का किंवा अधिक असलेल्यांत २४ आणि त्याखालच्यांत ४३. चौदाव्या दिवशी १६ चे १३ होणे हे अपयश नव्हे. मुलाला हे कितपत पटले कोण जाणे, पण त्याने मान डोलावली.

अठराव्या दिवशी जिभेवर बुरशीचा पांढरा थर दिसला. त्याच दिवशी ते खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठू शकेनात. मांडीत पुन्हा रक्त साठले का, ही पहिली भीती. पण टेप ४६ दाखवत होता आणि अशक्तपणा दोन्ही मांड्यांत सारखाच होता. रक्तसंचय एका बाजूला असतो. स्टेरॉइडमुळे झिजणारे स्नायू दोन्ही बाजूंचे असतात. फॅक्टर सातची कुपी मागवण्यापूर्वी हा फरक ध्यानात आला म्हणून एक महाग आणि गुठळीचा धोका असलेले औषध वाचले.

बावीस दिवसांनंतर, तेविसाव्याच्या पहाटे, ते असंबद्ध बोलू लागले. ताप ३७.८, इतकाच. पांढऱ्या पेशी १६ हजार, पण स्टेरॉइडवर असलेल्या माणसात हा आकडा एरवीही वाढलेला असतो, त्यामुळे त्यावर विसंबता येत नव्हते. आणि ताप कमी आहे याचाही अर्थ काही नव्हता, कारण तो स्टेरॉइडनेच दाबलेला होता. एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू नव्हते. प्रतिजैविके तासाभरात सुरू झाली.

दुसरा खरा निर्णय हा. एकविसाव्या दिवशीचे आकडे नुकतेच आले होते : फॅक्टर आठ ९ टक्के, इनहिबिटर ८. एक मत असे होते की तीन आठवड्यांनंतरही पातळी दोन आकड्यांत गेलेली नाही, तेव्हा स्टेरॉइड कमी करायचे असेल तर रिटुक्सिमॅबची जोड द्यावी. मी त्याच्या विरोधात होतो. न्यूमोनिया असलेल्या माणसाच्या, प्रतिपिंडांच्या मुळाशी असलेल्या बी-पेशी रिटुक्सिमॅबने पुढचे कित्येक महिने पुसून टाकणे मला जोखमीचे वाटत होते आणि इनहिबिटर निम्म्यावर आलेला होता. नऊ टक्क्यांपेक्षा हे निम्म्यावर येणे मला महत्त्वाचे वाटले. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर आणले. एकदम बंद करणे शक्य नव्हते, कारण तीन आठवड्यांत शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात आणि संसर्गाच्या ऐन ताणात त्यांच्यावर भार टाकता येत नाही. जोड दिली नाही. हा निर्णय चुकला असता तर आज मी तो वेगळ्या शब्दांत लिहिला असता, हेही मान्य करतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी फॅक्टर आठ २२ टक्के, इनहिबिटर ३.५. पस्तिसाव्या दिवशी ५८ टक्के आणि इनहिबिटर मोजता येण्याच्या पातळीखाली. न्यूमोनिया तोवर ओसरला होता आणि त्यांनी मुलाच्या मोबाइलवरचे वर्तमानपत्र मागायला सुरुवात केली होती. छत्तिसाव्या दिवसापासून प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम, पुढच्या आठवड्यात २०, मग १५, १०, ५ असे उतरवत सत्तराव्या दिवशी शेवटची गोळी दिली. पूर्ण मात्रा सहा आठवड्यांपुढे रेटू नये आणि उतरवताना दर आठवड्याला फॅक्टर आठ पाहावा, हे दोन्ही आम्ही पाळले. साखर उतरत जाते तसे इन्सुलिनही उतरवावे लागते, हे मात्र एकदा निसटले : २० मिलिग्रॅमच्या आठवड्यात संध्याकाळी त्यांची साखर ५८ झाली आणि घाम फुटला.

पन्नासाव्या दिवशी फॅक्टर आठ १६४ टक्के होता. प्रतिपिंड गेल्यावर पातळी काही काळ नॉर्मलच्या वर उसळी घेते आणि त्या दिवसांत धोका उलट दिशेने येतो, म्हणजे गुठळीचा. मांड्या अजून अशक्त, दिवसाचा बराच वेळ खुर्चीत, वय ७२. म्हणून दोन आठवडे प्रतिबंधक मात्रेतले हेपरिन दिले. ज्या औषधाने पहिल्याच रात्री घात झाला असता, तेच सात आठवड्यांनी योग्य ठरले. औषधाचे नाव चिठ्ठीवर पाहून पत्नी घाबरल्या, कारण पहिल्या दिवशीचा प्रकार त्यांच्या लक्षात होता; त्यांच्याशी बोलायला वीस मिनिटे लागली.

आजार उलटू शकतो आणि तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत उलटतो. त्यामुळे पहिले सहा महिने दरमहा, वर्ष पूर्ण होईपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी आणि त्यापुढे सहा महिन्यांनी एपीटीटी व फॅक्टर आठ पाहायचे ठरले. आजाराचे नाव, रक्तगट आणि आमचा दूरध्वनी लिहिलेले एक कार्ड पाकिटात ठेवायला दिले. चौथ्या महिन्यात पोटरीवर एक डाग दिसला म्हणून ते तारखेच्या आधीच आले. फॅक्टर आठ १०४ टक्के होता आणि डाग पलंगाच्या कडेला लागून पडलेला निघाला.

स्टेरॉइडने डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू लवकर पिकला. उजव्या डोळ्याच्या वेळी काही झाले नव्हते, मग आता का थांबायचे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना वाचता येत नव्हते आणि त्याचा त्यांना सर्वांत जास्त जाच होत होता. आम्ही वर्ष पूर्ण होऊ दिले. शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी एपीटीटी ३१ सेकंद, फॅक्टर आठ ९८ टक्के, इनहिबिटर शून्य. नेत्रतज्ज्ञांना पाठवलेल्या पत्रात हे तीन आकडे पहिल्या ओळीत लिहिले आणि डोळ्याच्या मागे सुईने भूल न देता थेंबांनी द्यावी अशी विनंती त्याखाली केली.